लाल चंद्र दिसला की लगेच भाकीत नको: गेमच्या कथा लावताना या चुका टाळा

७ सप्टेंबर २०२५, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचं खग्रास चंद्रग्रहण. कोथरूडला आमच्या घरी आजी वेध पाळत होती आणि आतल्या खोलीत आम्ही 'झेल्डा' मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या व्हिडिओ गेममधल्या लाल चंद्रावर भांडत होतो. मित्राकडे तो एकदा भर दुपारी उगवला होता. झालं, मालिकेचा खलनायक गॅनन नियम मोडून जागा होतोय असा दोन पानी सिद्धांत तयार!

पहिली चूक हीच. या गेममध्ये साधारण १६८ मिनिटांच्या खेळानंतर मध्यरात्री लाल चंद्र येतो आणि मारलेले राक्षस परत उभे राहतात. कथेत त्याचं कारण गॅननची शक्ती, ते खरंच. पण मेमरी तुंबली की साफसफाईसाठी गेम तोच चंद्र अवेळी काढतो. म्हणजे मित्राचा अपशकुन निव्वळ झाडलोट होती. एखादी खूण विचित्र वेळी दिसली, तर आधी ती कथेतली आहे की यंत्रातली, ते बघा.

दुसरी चूक खलनायकाची, आणि ती मीही केलीय. चेहरा तोच म्हणजे माणूस तोच, असं नसतं. 'फायनल फँटसी सेव्हन'मध्ये (१९९७) आपण ज्याच्या मागे धावतो तो खलनायक सेफिरॉथ बहुतेक वेळा त्याचं रूप घेतलेली जेनोव्हा ही परग्रहावरची शक्ती असते. खरा देह उत्तरेच्या विवरात. झेल्डात गुंता वेगळा. 'स्कायवर्ड स्वॉर्ड'मध्ये (२०११) डिमाइस हा असुरराजा शाप देतो की त्याचा द्वेष पुन्हा पुन्हा जन्म घेईल. आपल्याला हे अवघड जाऊ नये: जय-विजय शापामुळे हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू झाले, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र. पण म्हणून रावणाचा हिशोब शिशुपालाच्या खात्यावर मांडत नाही ना कोणी? गॅननडॉर्फचंही, म्हणजे माणसाच्या रूपातल्या गॅननचंही, तसंच. झेल्डाच्याच 'ओकारिना', 'विंड वेकर' आणि 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधला एकच माणूस, फक्त कथेच्या काळाचे फाटे (पर्यायी कालरेषा) वेगळे. 'फोर स्वॉर्ड्स ॲडव्हेंचर्स'मधला मात्र नवा जन्म.

आणि एका गेमचं पंचांग दुसऱ्याला लावू नका. झेल्डाच्याच 'मेजोराज मास्क'मधला चंद्र शकुनबिकुन नाही, तो तीन दिवसांत खरोखर डोक्यावर पडतो. 'एल्डन रिंग' या वेगळ्याच गेममध्ये उल्का पडली की आम्ही शेंडेनक्षत्र दिसल्यासारखे दचकलो. खरं तर राडान या सेनापतीने तारे रोखून धरले होते, तो हरला म्हणून ते सुटले. त्या उल्केने लिमग्रेव्ह या प्रदेशात पाडलेल्या खड्ड्यातून नोक्रॉन या भूमिगत शहरात उतरता येतं. घाबरून मागे फिरलात तर रॅनी या चेटकिणीची कथा तिथेच अडेल.