मृगाआधीची हत्यारं : काय घ्यावं, काय भाड्याने आणावं

रोहिण्या २५ मेला निघतात आणि मृग ७-८ जूनला. या दिवसांत प्रत्येकाच्या डोक्यात बियाणं, खत आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबर एवढंच असतं. पडवीतल्या पत्र्याच्या पेटीकडे लक्ष जातं ते भांगलण, म्हणजे तण काढायचं काम, तोंडावर आल्यावर. मग खुरप्याची मूठ निघालेली असते, पंप दाब धरत नाही आणि बाजारात उरलेला माल दुकानदार म्हणेल त्या भावाने उचलावा लागतो. हत्यारं बघायची ती आत्ता, पाऊस लांब असताना.

नवी वस्तू घेताना मी एकच प्रश्न विचारतो. ही बिघडली तर दुपारच्या एसटीने तालुक्याला जाऊन सुटा भाग घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतता येईल का? उत्तर नाही असेल तर मोबाइलवर ती निम्म्या भावात दिसली तरी मी घेत नाही. जुलैत वाफसा, म्हणजे जमीन कामाजोगी सुकलेली, मिळतो दोन-तीन दिवसांचा. त्यात यंत्र कुरिअरची वाट बघत बसलं तर स्वस्ताईचा हिशेब तिथेच बुडतो.

हातहत्यारांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त तास तीच चालतात आणि सगळ्यात कमी विचार त्यांच्याच खरेदीवर होतो. आमच्याकडे अजून वैशाखात घिसाड्यांची, म्हणजे फिरत्या लोहारांची, पालं गावाबाहेर पडतात. तयार कोयत्यापेक्षा त्यांच्याकडून करून घेतलेला कोयता मला कधीही चालतो, पण लोखंड आपलं द्यावं. ट्रक-ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मोडका कमानपाटा भंगारात किलोवर मिळतो; त्याच्या पोलादाला धार टिकते. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात धरून कडक करताना, मात्र समोर उभं राहा. लालबुंद पातं घिसाडी पूर्ण बुडवत नाही, फक्त धारेची कड पाण्यात धरतो आणि बाहेर काढून दगडावर घासतो. घासलेल्या जागी रंग चढायला लागतो, आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट. मनातला रंग आला की पातं पुन्हा पाण्यात. दोन-चार क्षणांचा खेळ असतो. तेवढ्यात तुम्ही भावाची घासाघीस करू नका, त्याची नजर हलली की धार एकतर ठिसूळ होते नाहीतर मऊ राहते. थंड झाल्यावर धारेवर कानस हलकी ओढून बघायची. कानस नुसती घसरत असेल तर पातं फार कडक, दगडावर आपटलं की टवका उडेल. लोण्यासारखी खात असेल तर पाणी बसलंच नाही. थोडी अडखळत खाल्ली की घ्यावं.

हे मी शिकलो ते एक कोयता वाया घालवून. नवा ग्राइंडर आणला होता, हौस दांडगी. कोयत्याची धार काढता काढता कड निळी पडली, मला वाटलं चकाकी आली. दुसऱ्या दिवशी मक्याच्या पहिल्याच ओळीत धार पत्र्यासारखी वळली. निळी कड म्हणजे त्या जागचं पाणी उतरलं. ग्राइंडर लावायचाच तर क्षणभर टेकवायचा, पातं पाण्यात बुडवायचं, पुन्हा टेकवायचं. खरं तर धारेला कानस आणि सहाण पुरते. ग्राइंडर तुटलेल्या कडेला आकार देण्यापुरता.

खुरपी घ्यायला पुरुषांनी एकट्याने जाऊ नये, हे जरा स्पष्टच सांगतो. भांगलायला बसतात बायका आणि मूठ निवडतो तो कधी दोन तास खाली न बसलेला माणूस. जाड मुठीने संध्याकाळपर्यंत बोटं आखडतात. घरातल्या बाईला बाजारात न्या, तिला चार खुरपी हातात धरून मनगट फिरवून बघू द्या. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी आहे ना आणि पात्याचं शेपूट मुठीत खोलवर गेलंय ना, तेवढं तुम्ही बघा. डावखुरी असेल तर विळा डाव्या हाताचा करून घ्या, घिसाडी करून देतो.

फावड्या-कुदळीचे दांडे बाभळीचे. ओली बाभूळ तोडून लगेच बसवली तर वाळल्यावर आकसते आणि काम चालू असतानाच कुदळ उडते. गेल्या उन्हाळ्यातला वाळलेला दांडा नसेल तर शेजाऱ्याकडून मागून घ्या. सैल दांडा पाण्यात भिजवून घट्ट करतात, तो इलाज दुपारपुरता. पाचर नीट ठोका आणि दांड्याला जवसाचं तेल पाजा.

आता विजेची आणि पेट्रोलची यंत्रं. ग्राइंडर चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरचा, घरच्या कामाला पुरतो. चकती घेताना तिच्यावर छापलेले फेरे यंत्रावरच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवेत, आणि मधल्या कड्यावरची मुदत वाचा. मुदत संपलेली, ओल लागलेली चकती फुटते. संरक्षक पत्रा काढून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे, आणि त्याच ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावायची आणखी वाईट रीत. लाकडात ते पातं अडकलं की यंत्र हातातून सुटून अंगावर येतं. लाकडाला करवत आहे. आणि ठिणग्या उडतात त्या बाजूला कडबा, भुसा नको. मे महिन्यातल्या गंजीला एक ठिणगी पुरते.

यंत्र लावाल त्या बोर्डावर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, आधी बसवा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून यंत्र चालवणाऱ्याला वाचवणारी ही दोनच साधनं. ग्राइंडर त्यांच्यानंतर आणला तरी चालेल.

बांधावरचं गवत काढायला ब्रश कटर घ्यायचं की नाही, हा दरवर्षीचा प्रश्न. दोन एकर असेल आणि बांध थोडेच असतील तर माझ्या मते घेऊ नका. गावात कोणाकडे तरी असतंच, तासावर आणा. घ्यायचंच असेल तर टू-स्ट्रोक हलकं आणि दुरुस्तीला सोपं. फोर-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागत नाही, पण ते थोडं जड. टू-स्ट्रोकचं मिश्रण अंदाजाने करू नका. पुस्तिकेत पन्नासास एक लिहिलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर तेल, पंचविसास एक असेल तर ४०. कमी पडलं तर पिस्टन चिकटतो. कोवळ्या गवताला नायलॉनची दोरी, घाणेरी-रायमुनियाच्या खोडांना दातेरी गोल पातं. चालू यंत्रापासून १५ मीटरच्या आत पोरंटोरं, गुरं नकोत. खडा कुठल्या कुठे उडतो.

या यंत्रांचा खरा शत्रू आहे टाकीत राहिलेलं पेट्रोल. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. दिवाळीनंतर तसंच ठेवलेलं यंत्र जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा उतरला तरी चालू होत नाही, कारण कार्बोरेटर चिकटलेला असतो. मोसम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. यंदा ते राहून गेलं असेल तर आत्ताच कार्बोरेटर साफ करून घ्या, जूनमध्ये मेकॅनिककडे रांग असते.

फवारणी पंपावर मात्र काटकसर नको. १६ लिटरचे दोन पंप ठेवा, एक फक्त तणनाशकाचा, त्यावर लाल पट्टा मारून. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश पंपात राहिला आणि त्याच पंपाने कापूस, द्राक्ष किंवा टोमॅटोवर फवारलं की पानं पिळवटलेली दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो. तणनाशकाला सपाट पंख्यासारखा फवारा देणारं नोझल, कीड-रोगाला पोकळ शंकूचं. जुनं नोझल तपासायची सोपी पद्धत आहे : एक मिनिट मगात पाणी सोडून मोजा, मग नवं लावून मोजा. जुन्यातून नव्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी आलं तर ते झिजलंय, म्हणजे तेवढं औषधही तुम्ही जास्त ओतताय.

बॅटरीचा पंप असेल तर रिकाम्या बॅटरीने तो उन्हाळाभर खुंटीला टांगलेला नसावा. शिशाची बॅटरी तशाने मरते. महिन्याला एकदा चार्ज करा. आणि पंपाबरोबरच हातमोजे, चष्मा, मास्क घ्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले होते. पाठीवर गळणारा पंप हा त्या धोक्याचा एक भाग आहे. नवा पंप दुकानातच पाण्याने भरून, उलटा करून बघा.

पान्यांचा मोठा चकचकीत संच लागत नाही. ८ मिलिमीटरच्या बोल्टला १३ चा पाना, १० च्या बोल्टला १७ चा आणि १२ च्याला १९ चा. काही नव्या यंत्रांवर १६ आणि १८ लागतात. हे पाच रिंगचे आणि तेच उघडे, एक बारा इंची पाइप पाना, चांगली पक्कड, छिन्नी, दोन हातोडे. बास. जुन्या ट्रॅक्टरवर इंचातले बोल्ट निघतात, तिथे मिलिमीटरचा पाना जबरदस्तीने घातला की नटाची कड गोल होते आणि मग छिन्नीच उरते.

वेल्डिंग मशिन विकत घेऊ नका, असं मी तरी सांगेन. सिंगल फेजवर चालणारी छोटी इन्व्हर्टर मशिनं स्वस्त झालीत खरी, पण वर्षातून चार वेळा लागणाऱ्या वस्तूला पावसाळ्यात ओल खाणारे रॉड सांभाळत बसायचं कशाला? तुटलेला कुळव, ट्रॉलीची बिजागरी एकदम गोळा करून याच आठवड्यात फॅब्रिकेशनवाल्याकडे टाका. रोटाव्हेटर, पेरणी यंत्रही गावातल्या अवजार बँकेतून भाड्याने परवडतं.

मोठं यंत्र अनुदानातून घेणार असाल तर क्रम चुकवू नका. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, कागदपत्रं, पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आदल्या दिवशीच्या तारखेचं बिलही चालत नाही. पक्कं जीएसटी बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक शेतीयंत्रांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, बिलात तोच लागलाय का बघा.

राहिली ती ठेवायची जागा. हत्यारं जमिनीवर नकोत, पश्चिमेच्या भिंतीलाही नकोत, झड तिकडूनच येते. आडव्या फळीला खिळे मारून टांगा आणि वापरून झाल्यावर चिखल पुसून जळक्या इंजिन ऑइलचं फडकं फिरवा. खतांची पोती त्याच खोलीत असतील तर ती आधी हलवा, युरियाशेजारी ठेवलेला पाना श्रावणापर्यंत लाल होतो.