कुत्र्याला घेऊन क्रूझवर जायचंय? तिकिटाआधीपासूनची तयारी

तुमचा कुत्रा घरचा पाळीव आहे, मनाला आधार म्हणून सोबत असतो, की अपंगत्वासाठी शिकवून तयार केलेला सर्व्हिस डॉग आहे, हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा आणि मगच क्रूझच्या बुकिंगकडे वळा. पुढची सगळी तयारी या एकाच उत्तरावर अवलंबून आहे. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन, प्रिन्सेस या मोठ्या कंपन्या पाळीव प्राणी जहाजावर घेत नाहीत. भावनिक आधाराचे प्राणीही त्यांना चालत नाहीत, मग तुमच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी असो वा नसो. जहाजावर जागा मिळते ती फक्त ठरावीक काम शिकलेल्या सर्व्हिस डॉगला.

पाळीव कुत्र्याला किंवा मांजराला घेऊन समुद्र ओलांडायचाच असेल, तर क्युनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ या जहाजाची चौकशी करा. न्यूयॉर्क ते साउदॅम्प्टन या अटलांटिकच्या फेरीत या जहाजावर प्राण्यांसाठी केनेल, म्हणजे त्यांना ठेवायचे बंदिस्त कप्पे असतात आणि त्यांची देखभाल करायला खास माणूस असतो. २०१६ च्या नूतनीकरणात केनेलची संख्या वाढवून २४ केली, तरी मागणीपुढे त्या तोकड्याच पडतात. म्हणून आधी केनेल मिळतंय का ते बघा, स्वतःच्या केबिनचं नंतर. प्राण्याला केबिनमध्ये नेता येत नाही, ठरलेल्या वेळांत तुम्हीच त्याला भेटायला जायचं. कुत्र्यांना फिरवायच्या डेकवर एक ब्रिटिश पद्धतीचा दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन फायर हायड्रंट उभा केलाय, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांच्या कुत्र्यांची सोय झाली. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण तुमचा कुत्रा घरातसुद्धा तुमच्या मागे-मागे फिरणारा, एकटा राहिला की रडणारा असेल, तर सात रात्री केनेलमध्ये काढणं त्याला जड जाईल. अशा कुत्र्याला न्यायचं तर बरेच आठवडे आधी पिंजऱ्यात झोपायची सवय लावा. सवय लागत नसेल, तर त्याला ओळखीच्या माणसाकडे ठेवा. माझ्या मते नुसत्या सुट्टीच्या सहलीसाठी पाळीव कुत्र्याला समुद्रावर नेऊच नये. घर कायमचं हलवायचं असेल आणि विमानाच्या मालकक्षातला प्रवास त्याला झेपणार नसेल, तर मात्र ही फेरी खरोखर उपयोगाची आहे.

सर्व्हिस डॉगचं गणित वेगळं. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा जो कायदा आहे, त्याच्या मार्च २०११ पासून लागू झालेल्या नियमांत सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे अपंग व्यक्तीसाठी विशिष्ट काम शिकवलेला कुत्रा, अशी व्याख्या आहे. दृष्टिहीनाला वाट दाखवणं, ऐकू न येणाऱ्याला धोक्याच्या भोंग्याची खूण करणं, फिट आलेल्या माणसासाठी मदत बोलावणं, ही कामं झाली. नुसतं जवळ असल्याने बरं वाटतं, याला त्यात काम धरत नाहीत. सर्व्हिस डॉगचं काम डोळ्यांना दिसत नसेल, तर कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. या दोन प्रश्नांची उत्तरं एकेका वाक्यात तयार ठेवा. प्रमाणपत्रं, ओळखपत्रं, 'नोंदणी' विकणाऱ्या संकेतस्थळांवर पैसे घालवू नका, त्या कागदांना कायद्यात काहीही किंमत नाही. परदेशी झेंड्याखाली चालणाऱ्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजांनाही अमेरिकी पाण्यात हा कायदा लागू होतो, हे २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन' या खटल्यात स्पष्ट केलंय. पण जहाज दुसऱ्या देशाच्या बंदराला लागलं की किनाऱ्यावर कायदा त्या देशाचा.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. कंपनीने 'हो, कुत्रा चालेल' म्हटलं की काम झालं असं वाटतं, पण कंपनीचा होकार फक्त जहाजापुरता असतो. वाटेतल्या प्रत्येक बंदराची परवानगी तुम्हालाच काढायची असते. एखाद्या बेटावर कुत्र्याला उतरायची मनाई असेल, तर त्या दिवशी तुम्हीही उतरू शकत नाही, कारण सर्व्हिस डॉगला केबिनमध्ये एकटं सोडायला कंपन्या परवानगी देत नाहीत आणि त्याला सांभाळणं हे कर्मचाऱ्यांचं कामही नाही. सोबत दुसरं कुणी असेल तर आळीपाळीने उतरता येईल, पण ज्याला कुत्र्याशिवाय पाऊल टाकता येत नाही त्याने काय करायचं? म्हणून मार्ग निवडतानाच बंदरांची यादी समोर घ्या, प्रत्येक देशाच्या कृषी किंवा पशुवैद्यकीय खात्याचे नियम वाचा, आणि जिथे मनाई आहे त्या बंदराचा दिवस जहाजावरच जाणार असं समजून मग पैसे भरा. तीन चांगली बंदरं असलेली छोटी फेरी, सहापैकी चार ठिकाणी कुत्र्याला अडवणाऱ्या मोठ्या फेरीपेक्षा केव्हाही बरी.

तारखा शेवटच्या बंदराकडून मागे मोजत यायच्या. समजा फेरी ब्रिटनमध्ये संपते. तिथे कुत्र्याला मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) आणि रेबीजची लस लागते. चिप लशीच्या आधी, निदान त्याच वेळी बसवलेली असली पाहिजे. आधी लस आणि नंतर चिप असा क्रम झाला, तर ती लस धरली जात नाही आणि पुन्हा टोचावी लागते. पहिल्या लशीनंतर किमान २१ दिवस थांबायचं. कुत्रा ब्रिटनने मान्य केलेल्या देशांच्या यादीत नसलेल्या देशातून येत असेल, तर लशीनंतर ३० दिवसांनी लस लागू पडली का हे तपासायला रक्ताचा नमुना द्यायचा आणि त्या तारखेपासून आणखी ३ महिने वाट बघायची. म्हणजे चार महिने नुसत्या कागदांत गेले. याशिवाय कुत्र्याला टेपवर्मचं (आतड्यातल्या पट्टकृमीचं) औषध पशुवैद्याकडूनच द्यावं लागतं, आणि तेही ब्रिटनमध्ये पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत. बऱ्याच दिवसांच्या क्रूझवर ही वेळ भर समुद्रात किंवा मधल्या एखाद्या बंदरात येते. त्या बंदरातल्या पशुवैद्याची वेळ घरूनच ठरवून ठेवा. जहाज तिथे किती वाजता लागतं, किती वाजता सुटतं आणि दवाखाना धक्क्यापासून किती लांब आहे, हे कागदावर लिहून काढा. औषध दिल्याची तारीख आणि वेळ, दोन्हींची नोंद पशुवैद्याकडून तिथल्या तिथे करून घ्या.

अमेरिकेच्या हवाई बेटांवर रेबीज नाही, त्यामुळे तिथले नियम आणखी कडक. बाहेरून आलेल्या कुत्र्याला एरवी १२० दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये राहावं लागू शकतं. सर्व्हिस डॉगला त्यातून सूट आहे, पण मायक्रोचिप, चालू लसीकरण आणि रेबीजच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी असेल तरच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची तयारी तर महिनोन्‌महिने आधी सुरू करावी लागते.

अमेरिकेत परतायचं असेल, तर १ ऑगस्ट २०२४ पासूनचे नियम बघा. कुत्रा किमान ६ महिन्यांचा हवा, त्याला मायक्रोचिप हवी आणि त्याच्यासाठी भरलेल्या ऑनलाइन अर्जाची पावती जवळ हवी. गेल्या ६ महिन्यांत कुत्रा रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशात गेला असेल, तर लसीकरणाचे वेगळे कागद लागतात, आणि अमेरिकेत लस घेतलेल्या कुत्र्यासाठी ते देश सोडण्याआधीच शिक्का मारून घ्यावे लागतात. डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, कोलंबिया हे देश त्या यादीत आहेत, आणि काही कॅरिबियन क्रूझ या किनाऱ्यांना लागतात.

कंपनीला बुकिंगच्या दिवशीच कळवा. तिच्या अपंग प्रवाशांसाठीच्या विभागाला ईमेल करा आणि उत्तर लेखी मागा, फोनवरच्या तोंडी होकारावर विसंबू नका. कागदांची एक फाइल हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या सामानात अजिबात नाही, कारण ते सामान केबिनपर्यंत पोहोचायला संध्याकाळ होते. मूळ कागद आणि दोन संच छायाप्रती घ्या, एक संच जहाजावर चढताच द्यायला. पशुवैद्याने दिलेल्या आरोग्य प्रमाणपत्राची मुदत प्रवासाच्या मध्येच तर संपत नाही ना, हे प्रत्येक बंदराच्या तारखेशी ताडून बघा. बंदरापर्यंत विमानाने जाणार असाल, तर अमेरिकी विमानकंपन्या सर्व्हिस डॉगसाठी वेगळा फॉर्म मागतात. उड्डाण ८ तासांचं किंवा त्याहून मोठं असेल, तर कुत्रा तेवढा वेळ घाण न करता राहील असं लिहूनही द्यावं लागू शकतं.

आता शी-शूची तयारी. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. जहाजावर त्यासाठी साधारण चार फूट बाय चार फुटांची लाकडी पेटी ठेवतात, आत लाकडाचा भुसा, सालींचे तुकडे किंवा हिरवळीचा तुकडा. ती एखाद्या उघड्या डेकवर असते, कधी कर्मचाऱ्यांच्या भागात, आणि जहाजावर आणखी सर्व्हिस डॉग असतील तर सगळ्यांची मिळून तीच. आता कुत्र्याच्या बाजूने विचार करा. आयुष्यभर तो मोकळ्या जमिनीवर वास घेत, गोल फिरत जागा शोधत आलाय. इथे पायाखाली पोलाद थरथरतंय, वारा कानांत शिरतोय, आणि समोरच्या पेटीला परक्या कुत्र्याचा वास येतोय. न शिकवलेला कुत्रा अशा वेळी धरून ठेवतो, कधी कधी दिवसभर, आणि त्याचे हाल होतात. म्हणून किमान दोन महिने आधी घरी तशीच पेटी बनवा. कंपनीला आत काय घालता ते विचारा आणि तेच भरा. सुरुवातीला त्याच्या नेहमीच्या जागेची थोडी माती किंवा गवत त्यात टाका. पट्टा बांधून पेटीत उभं करा, ठरलेला एक शब्द म्हणा, झालं की लगेच खाऊ द्या. तो शब्द घरातल्या सगळ्यांनी सारखाच वापरायचा. जमू लागलं की पेटी जागा बदलून ठेवा: गच्चीवर, रस्त्याच्या आवाजात, रात्री, पावसात. हुकमासरशी कुठेही जमायला लागलं, की हा भाग तयार झाला. जहाजावर चढल्यावर केबिनमध्ये सामान लावत बसण्याआधी त्याला पेटीपाशी घेऊन जा, आणि घरच्या पेटीतला वापरलेला मूठभर भुसा पिशवीतून नेला असेल तर तो वर टाका. पेटीत आपली खूण सापडली की परकी जागाही त्याला लवकर आपली वाटते.

खाणं स्वतःचं न्यायचं. कुत्र्याचं खाणं जहाजावर मिळेल हे गृहीत धरू नका. प्रवासाचे दिवस अधिक आठवडाभराचं जादा, मूळ बंद पाकिटांत घ्या. मांस असलेलं खाणं किनाऱ्यावर न्यायला बऱ्याच देशांत बंदी असते, तेव्हा उतरताना खिशातले खाऊचे तुकडेसुद्धा काढून ठेवा. रोजची औषधं दोन वेगळ्या पिशव्यांत विभागा. पायांचे बूट घ्या आणि घरीच सवय लावा, कारण दुपारी उन्हात डेक एवढा तापतो की पंजे भाजतात. गोचिडांचं औषध, टॉवेल, पसरट तळाचं भांडं, घरच्या वासाची चादर आणि शी उचलायच्या भरपूर पिशव्या विसरू नका.

लाइफ जॅकेट पाठीवर मूठ असलेलंच घ्या. बंदराला धक्का नसेल तर छोट्या टेंडर बोटीने किनारा गाठावा लागतो, आणि जहाजातून हलत्या बोटीत पाऊल टाकताना कुत्र्याला वरून धरता आलं पाहिजे. १९१२ साली टायटॅनिकवरून जे तीन कुत्रे वाचले, ते तिन्ही कुशीत मावतील एवढे लहान होते. तुमचा लॅब्रॅडॉर कुशीत मावणार नाही. सुरक्षेच्या कवायतीला त्याला सोबत न्या, आणि संकटाच्या वेळी कुत्र्यासह कुठे जायचं, कोण मदत करणार, हे अधिकाऱ्याकडून नावानिशी समजून घ्या. भोंग्याच्या आवाजाची ध्वनिफीत घरी आधी हळू, मग मोठ्याने ऐकवत गेलात, तर कवायतीत तो बिथरणार नाही.

कुत्र्यांनाही समुद्र लागतो. लाळ गळणं, वारंवार जांभया, ओठ चाटणं, खाण्याकडे पाठ फिरवणं, या त्याच्या खुणा. पशुवैद्याकडून मॅरोपिटंटसारखं उलटी थांबवणारं औषध आणि त्याचं वजनानुसार प्रमाण आधीच लिहून घ्या, माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका. केबिन शक्यतो खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्या, तिथे हेलकावा कमी जाणवतो. बाल्कनी असेल तर कठड्याच्या फटी मोजा आणि कुत्र्याला तिथे एकटं सोडू नका.

जेवणाच्या हॉलमध्ये त्याला टेबलाखाली बसवा, खुर्चीवर कधीच नाही. पोहण्याच्या तलावात त्याला मनाई असते. लोक हात लावायला येतील, मुलं धावत येतील. 'तो कामावर आहे' एवढं शांतपणे सांगा आणि पुढे चला. मात्र रोज काही वेळ हार्नेस (अंगावरचा कामाचा पट्टा) उतरवून केबिनमध्ये त्याला लोळू द्या, कारण जहाजावर तो एरवी सतत कामावर असतो.