बायपास किंवा छातीचं ऑपरेशन आहे? या चुका टाळा

ऑपरेशन ठरलं की घरातले सगळे प्रश्न सर्जनला विचारतात, आणि भुलेचे डॉक्टर तपासायला आले की "हे काय, फक्त झोपवणार" असं समजून कुणी धड बोलतच नाही. अहो, ऑपरेशनभर बीपी, श्वास, ठोके तेच सांभाळतात आणि पेशंट भुलेत गेला की त्याला काही विचारता येत नाही, त्यामुळे जे सांगायचं ते आधीच सांगा.

सगळ्यात जास्त घोळ गोळ्यांचा. "रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा" असं कुणीतरी सांगतं की लगेच अ‍ॅस्पिरिन पण बंद, जी बायपासला बहुतेक वेळा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी साधारण 5 दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही. ठोके आवरणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम सोडली तर ठोके वाढून छातीत दुखायला लागू शकतं. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी घेत असाल तर ते नावानिशी सांगाच, ती साधारण 3 दिवस आधी बंद करतात, कारण ती चालू राहिली तर ऑपरेशनच्या वेळी शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात अ‍ॅसिड वाढत जाऊ शकतं. हल्ली ही गोळी डायबेटिस नसलेल्या हार्टच्या पेशंटलाही देतात, म्हणून "मला शुगर नाही" म्हणून गप्प बसू नका. सोपं काम म्हणजे सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून समोर ठेवा.

उपाशी राहायचं म्हटलं की "अर्धा कप चहा घेतला, त्याला काय होतंय". साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं पण दुधाचा चहा 6 तास आधी बंद, आणि तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा.

हलणारा दात किंवा कवळी लपवू नका. गिळताना अडकत असेल तर तेही सांगा, कारण हार्टच्या ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा अन्ननलिकेत प्रोब घालून आतून इको करतात आणि तिथे आधीच काही बिघाड असेल तर जखम होऊ शकते.

ऑपरेशननंतरची कॉमन चूक म्हणजे श्वासाच्या व्यायामाला देतात ते तीन बॉलचं यंत्र. लोक त्यात जोर लावून फुंकतात! फुंकायचं नाही, ओढायचं. सरळ बसा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट लावून हळूहळू आत ओढा आणि बॉल वर आला की जमेल तितके सेकंद धरून ठेवा, तिसरा बॉल उडवायची स्पर्धा नाहीये. दुखतंय म्हणून श्वास घेत नसाल तर गोळी मागून घ्या की, सहन करण्यात कसला मोठेपणा, खोकला दाबला की कफ साठतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा.

ऑपरेशननंतर आतलं रक्त आणि हवा बाहेर काढायला छातीत नळी ठेवतात, तिची बाटली कायम छातीच्या खाली राहू द्या, चालताना उचलून पलंगावर ठेवू नका, आणि बाटलीत बुडबुडे दिसले म्हणून घाबरून नळी स्वतः दाबून बंद तर मुळीच करू नका, आतली हवा अडकून फुफ्फुस दबू शकतं. बाटली आडवी झालीच तर लगेच उभी करा आणि सिस्टरना हाक मारा.