सीझनच्या आधी कॅटेगरीवार बिलं मोजायची तयारी

मे महिन्यात मालवण-तारकर्लीला पर्यटक उतरले की दुकानात मान वर करायला वेळ नसतो, त्यामुळे कुठला माल किती बिलांत गेला हा रिपोर्ट आत्ताच बसवून ठेवा. पहिलं काम म्हणजे शेठना नक्की काय हवंय ते विचारून घ्या, नग, रुपये की बिलं. कोकमच्या किती बाटल्या खपल्या आणि किती गिऱ्हाइकांनी कोकम घेतलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि काउंटरवर पुढे काय मांडायचं ते दुसऱ्यावरून ठरतं.

मग डेटा काढा, पण बिलाची प्रत्येक ओळ वेगळी असलेला, नुसती बिलांची यादी नको. बिल नंबर कच्चा आहे तसा वापरू नका. जीएसटीच्या नियमाने नंबर एका आर्थिक वर्षात रिपीट होत नाही, एवढंच. १ एप्रिलला बऱ्याच ठिकाणी पुन्हा एकपासून सुरू होतो आणि दोन शाखा असतील तर दोघींकडे १०१ असू शकतो, म्हणजे दोन बिलं एकच मोजली जाणार. शाखा, वर्ष आणि नंबर जोडून एक नवा कॉलम करा आणि मोजणी त्याच्यावर. रद्द बिलं आधीच बाहेर काढा, क्रेडिट नोटासुद्धा (माल परत आल्यावर केलेली उणे नोंद), कारण मोजणीला रक्कम उणे आहे की अधिक काही कळत नाही, ती नंबर बघते आणि एक वाढवते.

कॅटेगरीची नावं साफ करायला अर्धा दिवस ठेवा, खरंच. कुणी ‘कोकम’ टाकलंय, कुणी ‘कोकम सरबत’, कुणी ‘आमसूल’, आगळ (कोकमचा घट्ट रस) तर कुठेही सापडतं. हे सगळं एका कॅटेगरीत घ्यायचं का ते शेठना विचारा, मनाने ठरवू नका. रिकाम्या कॅटेगरीला ‘इतर’ लिहा.

एक्सेलमध्ये पिव्होट (ओळींचा सारांश काढणारा तक्ता) घालताना ‘डेटा मॉडेलमध्ये जोडा’ची टिक आठवणीने मारा, नाहीतर डिस्टिंक्ट काउंट, म्हणजे एक बिल एकदाच मोजणं, हा पर्याय दिसतच नाही आणि माणूस तासभर शोधत बसतो. २०१३ च्या आधीच्या एक्सेलमध्ये ही सोय नाही. पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) त्याच कामाचं डिस्टिंक्टकाउंट फंक्शन ओळींच्या टेबलवरच्या बिल कॉलमवर लावा. बिलांच्या हेडर टेबलवर, जिथे एका बिलाची एकच ओळ असते, लावलंत तर कॅटेगरीचा फिल्टर साधारणपणे तिथवर पोचतच नाही आणि कोकम, काजू, आंबा सगळ्यांपुढे एकच आकडा येतो, तसं दिसलं की समजायचं. आणखी एक, हे फंक्शन रिकामा नंबरही एक म्हणून मोजतं, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) मधलं काउंट डिस्टिंक्ट मोजत नाही, त्यामुळे दोन रिपोर्टांत नेमका एकाचा फरक आला तर आधी रिकामा बिल नंबर शोधा.

आता ताळा. तीन बिलं हाताने लिहा. १०१ मध्ये कोकम सरबत आणि आंबापोळी, १०२ मध्ये अख्खे काजू आणि काजू तुकडा, १०३ मध्ये आगळ आणि काजू. ओळी झाल्या सहा. आगळ कोकममध्येच धरलं तर कोकम दोन बिलांत, आंबा एकात, काजू दोन बिलांत, बेरीज पाच पण बिलं तीनच. रिपोर्टने खालच्या एकूणमध्ये तीन दाखवायला हवं, पाच आलं तर कुणीतरी बेरीज मारलीय, सहा आलं तर साधा काउंट लागलाय. महिन्यावार मात्र बेरीज जुळते, कारण बिलाला तारीख एकच असते, कॅटेगऱ्या चार असू शकतात. हे शेठना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते कॅल्क्युलेटर घेऊन बसणार आणि तुमचा रिपोर्ट खोटा ठरणार. टक्के दाखवायचे असतील तर एकूण वेगळ्या बिलांनी भागा, वरच्या उदाहरणात कोकम ६७, आंबा ३३, काजू ६७, शंभराच्या वर जाणारच, तशी टीप रिपोर्टच्या खालीच टाइप करून ठेवा.

बाकी किरकोळ. मूळ फाइलची एक कॉपी न हात लावता बाजूला ठेवा, आणि नवीन डेटा टाकला की रिफ्रेश दाबा, पिव्होट आपोआप बदलत नाही.