पेरिगोरच्या खाद्यदुकानांत शिरताय? या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की पुण्या-नाशिकहून आलेल्या पाहुण्यांना नैर्ऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर भागातल्या सार्लाला फिरवून आणणं, हे आम्हा तुलूझवाल्यांचं ठरलेलं काम. गाव देखणं आहे. मधाच्या रंगाच्या दगडाची जुनी घरं, अरुंद गल्ल्या, आणि दर दोन दारांआड एक एपिसरी फीन, म्हणजे निवडक आणि अर्थातच महाग खाद्यपदार्थांचं दुकान. बदकाचे डबे, अक्रोडाचं तेल, ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी), गोड मोंबाझियाक वाइन. पाहुणे आत शिरतात, अर्ध्या तासात दीडशे युरो उडवतात आणि नेमकं नको ते घेऊन बाहेर येतात. चुकाही दरवर्षी त्याच. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतोय.

ऑगस्टमध्ये ट्रफल घेणं

पेरिगोरचं नाव जिच्यामुळे झालं ती काळी ट्रफल म्हणजे ट्युबर मेलानोस्पोरम. ती थंडीत निघते, साधारण डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, आणि जानेवारीत सर्वांत चांगली मिळते. ऑगस्टमध्ये दिसते ती ट्युबर एस्टिव्हम, उन्हाळी ट्रफल. बाहेरून काळी, खरबरीत, आतून फिकट बदामी, वास बेताचा आणि भावही कितीतरी कमी. ती वाईट मुळीच नाही. राग येतो तो तिच्या एक टक्का तुकड्यांवर कृत्रिम वास ओतून बरणीवर सोनेरी अक्षरांत ‘ट्रफल’ छापणाऱ्यांचा.

आमचे साडू असेच भर उन्हाळ्यात आले होते. ‘फ्रान्समध्ये काय घ्यावं’ छापाचे व्हिडिओ बघून यादी घेऊनच आले होते, त्यामुळे ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतेच. एका दुकानात पावाच्या तुकड्यावर दोन थेंब ट्रफल तेल चाखायला दिलं आणि गडी तिथेच खलास. मी बाटली उलटी करून दाखवली: ऑलिव्ह तेल, पुढे ‘आरोम’, म्हणजे वरून घातलेला वास. बस, एवढंच. बाटलीत ट्रफल औषधालाही नव्हती. ‘अहो, पण वास बघा ना!’ म्हणाले आणि वाटायला म्हणून चांगल्या अर्धा डझन बाटल्या घेतल्या.

रात्री घरी मुगाची खिचडी होती. साडूंनी वाफाळत्या खिचडीवर तुपासारखी धार धरली. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, त्या धावत स्वयंपाकघरात आल्या, गॅसची बटणं तपासली, खिडक्या उघडल्या आणि ‘कुणी दिवा लावू नका रे!’ म्हणून ओरडल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. या तेलांत बहुधा २,४-डायथायापेंटेन नावाचं गंधकयुक्त रसायन असतं. खऱ्या ट्रफलच्या वासात अनेक घटक असतात, हे एकटंच नाकात घुसतं. आणि सिलिंडरची गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळतात तो वासही गंधकाच्याच संयुगाचा. खिचडी टाकून द्यावी लागली. उरलेल्या बाटल्या नाशकात कुणाकुणाला मिळाल्या, ते मी विचारलेलं नाही.

माझी पद्धत सांगतो. ट्रफल हवी तर थंडीत यायचं. सार्लाला शनिवारी सकाळी आणि सेंत-आल्व्हेरला सोमवारी सकाळी हंगामात ट्रफलचा बाजार भरतो. विकणारा सुरीने साल जरा खरवडून आतला गर दाखवतो, तो बघायचा: काळपट जांभळा आणि त्यात केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा. आत बदामी दिसलं तर मेलानोस्पोरमचा भाव द्यायचा नाही. भाव हंगामाप्रमाणे किलोला हजार युरोच्या अलीकडे-पलीकडे असतो. आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, दोघांना वीस ग्रॅम पुरते. घरी आणली की कागदात गुंडाळून काचेच्या झाकणबंद बरणीत चार अंड्यांबरोबर फ्रिजमध्ये ठेवायची. दोन दिवसांत वास कवचातून अंड्यांत उतरतो. मग मंद आचेवर लोण्यात अंडी हलवत शिजवायची आणि ट्रफल शेवटी वरून किसायची. फोडणीत टाकलीत तर वास उडाला आणि पैसेही.

उन्हाळ्यातच आला असाल तर बंद बरणीतली घ्या. मागे ‘ट्युबर मेलानोस्पोरम’ आणि ‘प्रमिएर क्युसाँ’ लिहिलेलं हवं, म्हणजे ती त्याच बरणीत पहिल्यांदा शिजलेली असते आणि तिचा रस आतच राहतो. ‘आरोम’ हा शब्द दिसला की बरणी फळीवर परत.

पुढची बाजू वाचून पैसे देणं

डब्याच्या पुढच्या बाजूला किल्ला, हंस, टोपीवाले आजोबा आणि ‘पेरिगोर पद्धतीची पाककृती’. पाककृती कुठलीही असू शकते, बदक कुठलं ते बोला! डबा उलटा करा. मांस, यकृत, चीज यांच्या वेष्टनावर एक छोटासा लंबवर्तुळाकार शिक्का असतो. त्यात वर देशाची अक्षरं आणि खाली क्रमांक. फ्रान्सच्या शिक्क्यात पहिले दोन आकडे जिल्ह्याचे: २४ म्हणजे दोर्दोन्य, म्हणजेच पेरिगोर. पुढचे तीन गावाचे; सार्लाचे ५२०. डबा कुठल्या कारखान्यातून बाहेर पडला, ते इथे कळतं. बदक कुठे वाढलं, ते मात्र कळत नाही. त्यासाठी आयजीपीची, म्हणजे युरोपच्या भौगोलिक मानांकनाची, निळी-पिवळी गोल खूण आणि सोबत पेरिगोरचं नाव बघायचं, कारण हंगेरी-बल्गेरियाचं यकृत इथे आणून डबाबंद करणं बेकायदा नाही.

एका गल्लीत ‘सगळं आमच्याच शेतावरचं’ अशी पाटी लावलेलं दुकान आहे. तिथल्या डब्यावर भलत्याच जिल्ह्याचा आकडा दिसला, म्हणून सरळ विचारलं. मालकाला एकदम मागच्या खोलीतलं काम आठवलं. नाव सांगत नाही. शिक्का वाचायला शिकलात की तुम्हालाच सापडेल.

फ्वा ग्रा, म्हणजे बदकाचं किंवा हंसाचं मुद्दाम वाढवलेलं यकृत, घेणाऱ्यांनी आणखी एक वाचावं. ‘आंतिए’ म्हणजे अख्ख्या यकृताचे मोठे भाग, नुसतं ‘फ्वा ग्रा’ म्हणजे जोडलेले तुकडे, आणि ‘ब्लॉक’ म्हणजे घुसळून पुन्हा थापलेलं. रिबिनीच्या भेटपेटीत बहुतेक वेळा ब्लॉकच असतो, वर पेटीचे पैसे तुम्ही देता. पक्ष्याला नळीने मका भरवून हे यकृत वाढवतात, त्यामुळे खावं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. भारतात न्यायचा प्रश्न तर मिटलेलाच आहे: जुलै २०१४ पासून त्याच्या आयातीवर बंदी आहे. हे न सांगता विकणाऱ्या दुकानदारावर चिडू नका, त्याला ते ठाऊक नसतं.

बाकीच्या, पटापट

‘मी-क्वी’ लिहिलेली बरणी तापलेल्या गाडीत ठेवून किल्ला बघायला जाऊ नका. ती अर्धवट शिजवलेली असते, तिला ४ अंशांच्या आत ठेवावं लागतं.

आत शिरताच ‘बोंझूर’ म्हणा. आधी वस्तू हाताळून मग बोलाल तर चांगला माल काउंटरमागेच राहील.

साडेबारा ते अडीच-तीन बरीच दुकानं बंद. दारावर टकटक करू नका, लोक जेवतायत.

शाकाहारी मंडळींनी घेवड्याचे आणि बटाट्याचे डबे नीट वाचावेत. इथे बटाटासुद्धा बदकाच्या चरबीत परततात. चीजवर ‘प्रेझ्युर’ लिहिलं असेल तर ते दूध गोठवायला वापरलेलं, प्राण्याच्या जठरातलं रेनेट. रोकामादूरची ३५ ग्रॅमची बकरीच्या दुधाची चकती कितीही गोड दिसली, तरी आधी विचारा.

अक्रोडाच्या तेलाचे हाल

मला विचाराल तर इथून न्यावं असं हेच. पेरिगोरच्या अक्रोडाला २००२ पासून भौगोलिक मानांकन आहे. फ्रांकेत, मारबो, कॉर्न, ग्रांझाँ या त्याच्या जाती. तेलाला भाजक्या अक्रोडाचा खमंग वास असतो. पण लोक मोठी काचेची बाटली घेतात, कारण लिटरमागे स्वस्त पडते, ती ओट्यावर उजेडात ठेवतात, आणि काही महिन्यांत खवट झाली की तेलालाच नावं ठेवतात. पाव लिटरचा पत्र्याचा डबा घ्या, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. त्यात तळू नका, कडवट होतं. काकडीच्या कोशिंबिरीवर कच्चंच घाला. आणि डबा सामानाच्या मोठ्या बॅगेतच जाऊ द्या. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वरचं द्रव सहसा चालत नाही हे माहीत असूनही विमानतळावर डबा काढून द्यावा लागलेले पाहुणे मला तिथूनच फोन करतात, जणू काही तपासणीवाला माझा मामा आहे.