कारवानी कुत्री आणि दारातल्या कोंबड्या

आमची बिजली कारवान जातीची. लातूर भागात ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सशाच्या शिकारीसाठी पाळली गेली. ती शिकार आता कायद्यानं बंद आहे, पण रक्तातली धाव तशीच आहे. ही जात वासापेक्षा नजरेवर चालते. समोर काही पळालं की हिचे पाय सुटलेच. घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिनं माझी अंड्यावर आलेली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, मारली, आणि मी तिला काठीनं मारलं. ते मला अजून लागतं. मारानं एवढंच झालं, की माझ्यासमोर ती गप बसायची आणि मी विहिरीकडं वळले की कोंबड्यांमागं धावायची.

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. आधी खुराड्याभोवती जाळी मारून घेतली. कुत्र्याला एकदा जरी पाठलागाची गोडी लागली तरी शिकवण पुष्कळ मागं जाते, म्हणून शिकवायची वेळ सोडून बाकी सगळा वेळ मध्ये जाळी हवीच.

शिकवायला दिवेलागणीची वेळ धरा. तेव्हा कोंबड्या खुराड्यात चढून शांत बसलेल्या असतात, फडफड नसते. त्याआधी कुत्र्याला रानात भरपूर पळवून आणा. दोरी गळ्याला बांधू नका, छातीपट्ट्याला बांधा. कारवान सुसाट सुटतं आणि दोरी संपली की सगळा हिसका मानेवर येतो. मी बैलाचा जुना कासरा वापरला, पण हातात आखूडच धरायची.

किती लांब उभं राहायचं? कुत्रं कोंबड्या बघत असतानाही तुमच्या हातचं खाईल, इतकं लांब. आमची सुरुवात वीस पावलांवर झाली. मटणाचं काळीज उकडून नखाएवढे तुकडे करून ठेवायचे. तुकडा नाकाशी नेला तरी तोंड उघडत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागं या.

आता खरं काम. कुत्र्याकडंच बघत राहा. तोंड मिटतं, कान पुढं येतात, मान खाली जाते, एक पाय हवेत थांबतो. सुटण्याआधी ही खूण दिसतेच. धाव सुरू झाल्यावर कितीही ओरडलं तरी तिला ऐकू येत नाही, म्हणून हाक आधीच मारायची. तोंड मिटलं रे मिटलं की मी हलक्या आवाजात म्हणायची, "बिजली, इकडं." डोळे माझ्याकडं वळले की लगेच तुकडा तोंडात. एका वेळी पाच मिनिटं पुरे. दोन-तीन दिवस नीट गेले की एक पाऊल पुढं सरकायचं. एखाद्या दिवशी बिघडलं तर तीन पावलं मागं यायचं, त्यात कमीपणा नाही.

खुराड्याजवळ शांत बसू लागली की मग सकाळची वेळ घ्यायची. दार उघडल्यावर कोंबड्या पंख झाडत बाहेर पडतात, ती सगळ्यात अवघड घटका. तेव्हा पुन्हा वीस पावलांपासून. घरातल्या कुणाला तरी दाणे टाकायला सांगा, दोरी तुमच्याच हातात राहू द्या.

पिलांची गोष्ट वेगळी. त्यांच्या चिवचिवाटानं चांगलं शिकलेलं कुत्रंही बिथरतं, शिवाय पिलांची आई स्वतःच कुत्र्याच्या अंगावर जाते. पिलं मोठी होईपर्यंत डालग्याखाली किंवा जाळीतच ठेवा.

कोंबडी कापायची तर कुत्र्यापासून लांब. पिसं, आतडी त्याला घालू नका. विकतच्या कोंबडीखाद्याच्या पोत्याला झाकण हवं, कारण काही खाद्यात मोनेन्सिनसारखं औषध असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे.

बिजलीला आठ महिने लागले. परवा एक कोंबडी तिच्या नाकासमोरून फडफडत गेली. बिजलीचं तोंड मिटलं, पाय उचलला गेला, आणि मी हाक मारायच्या आत तिनं माझ्याकडं पाहिलं. खिशातलं होतं नव्हतं ते सगळं काळीज मी तिला दिलं. तरी बाजाराला निघताना जाळीचं दार मीच लावते आणि कडी ओढून बघते.