मानसशास्त्राच्या प्रकल्पात या चुका टाळा

एम.ए.चा प्रकल्प हातात आला की मी आधी नमुन्याचं, म्हणजे अभ्यासासाठी कोणाला आणि कसं निवडलं त्याचं, पान उघडते. तिथे बहुतेक वेळा तेच वाक्य: ‘यादृच्छिक पद्धतीने १०० विद्यार्थी निवडले’, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे. प्रत्यक्षात गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ढकललेला असतो. ज्यांनी भरला, ते नमुन्यात!

एका तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक एवढंच म्हणाले, “यादी दाखवा.”

“कसली यादी, सर?”

“जिच्यातून ही नावं काढलीत, ती.”

यादी नव्हतीच. सगळ्या हॉस्टेलच्या मैत्रिणी. पुढची वीस मिनिटं बघवत नव्हती.

समष्टीची, म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचाय त्या सगळ्यांची, यादी आणि त्यातल्या प्रत्येकाची निवड होण्याची ठाऊक असलेली शक्यता, एवढं नसेल तर सरळ ‘सोयीचा नमुना’ लिहा. त्यासाठी मी गुण कापत नाही, थापेसाठी कापते. “पण नमुना मोठा आहे ना, मॅडम!” हेही नको. १९३६ च्या अमेरिकी निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या मासिकाच्या मतचाचणीत त्यांच्याकडे वीस लाखांहून जास्त उत्तरं आली होती. नावं मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतली, म्हणजे खात्यापित्या घरांतली. शिवाय उत्तर दिलं ते हौशी लोकांनी. अंदाज रूझवेल्टचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असा. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली.

नमुना निवडणं एक, निवडलेल्यांना प्रायोगिक (ज्यांच्यावर प्रयोग होतो) आणि नियंत्रित (ज्यांच्यावर होत नाही) गटांत यादृच्छिकपणे वाटणं दुसरं. कार्यकारणाबद्दल बोलायचा हक्क या दुसऱ्या यादृच्छिकतेतून मिळतो. वाटणी कशी केली त्याचा कागद मी परिशिष्टात लावायलाच लावते.

दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात ते सांगणारा सहसंबंध (–१ ते +१) ०.४ आला की निष्कर्षात ‘मोबाइलमुळे चिंता वाढते’. चिंतेत असलेलं पोर मोबाइलकडे वळत नसेल कशावरून? आणि –०.७ हा ०.५ पेक्षा प्रबळच. उणे चिन्ह फक्त दिशा दाखवतं.

ऋण प्रबलन, म्हणजे नकोशी गोष्ट काढून घेऊन वर्तन वाढवणं, ही शिक्षा नव्हे. सीटबेल्ट लावला की गाडीची टिंगटिंग थांबते, म्हणून आपण तो लावतो. वर्तन वाढलं, म्हणजे प्रबलन.

पी (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर गेला म्हणून शून्य परिकल्पना, म्हणजे ‘फरक नाही’ हे गृहीतक, ‘सिद्ध’ होत नाही. ती नाकारता आली नाही, इतकंच.

परदेशी चाचणीचं एका रात्रीत मराठीकरण करून मूळ मॅन्युअलमधला अल्फा (चाचणीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) उतरवणारे तर डोक्यात जातात. तो अल्फा त्यांच्या लोकांचा, त्यांच्या भाषेतला. स्वतःच्या नमुन्यावर काढा. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये चहा गार व्हायच्या आत होतो. तो ०.५ इतका कमी आला तर तोच छापा आणि कोणती विधानं गडबडली ते लिहा. मी तो भाग आवडीने वाचते.